ऑपरेशन मुंबईत, तपासणी तालुक्याला : मोतीबिंदूनंतरचे सहा आठवडे कोण सांभाळतं?

कोकण आणि घाटावरच्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी नायगावच्या बीडीडी चाळीत राहिलेलं असतं. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, लिफ्ट नाही. पण परळचं केईएम हॉस्पिटल तिथून जवळ. त्यामुळे गावची म्हातारी माणसं मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अशाच नातेवाइकांकडे उतरत आली. आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे, तरी मुंबईत जाऊन डोळा करून यायची रीत सुटलेली नाही.

ऑपरेशन होतं वीसेक मिनिटांत. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तपासतात आणि पाहुण्याला गावची ओढ लागते. आठवड्याने परत दाखवायला सांगितलेलं असतं, मग महिना-दीड महिन्याने चष्म्याच्या नंबरासाठी. लहानशा खोलीत सहा आठवडे कोण राहणार? पेरणी असेल तर माणूस चार दिवसांतच एसटीत बसतो. पुढे डोळा दाखवायचा कुणाला, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

तालुक्याला जे भेटतात ते बहुतेक वेळा नेत्रसर्जन नसतात. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, तर बाजारपेठेत ऑप्टोमेट्रिस्ट. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे चार वर्षांची पदवी, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेत रीतसर जागा दिली. मात्र चष्म्याच्या दुकानात बसलेला प्रत्येक जण ऑप्टोमेट्रिस्ट नसतो. शिक्षण काय झालंय हे सरळ विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नजर मोजणं, डोळ्याचा दाब बघणं, स्लिट लॅम्पवर जखम आणि सूज तपासणं, सहा आठवड्यांनी नंबर काढणं ही कामं शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट नीट करू शकतो, फक्त त्याच्याकडे ती यंत्रं हवीत. औषध बदलायचं की नाही, इंजेक्शन द्यायचं की नाही, हे सर्जनने ठरवायचं. ऑपरेशन केलेल्या डोळ्याची जबाबदारी गाव लांब आहे म्हणून सर्जनच्या अंगावरून उतरत नाही.

ही वाटणी जगात इतरत्र रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये अनेक भागांत महिनाभरानंतरची तपासणी घराजवळचा ऑप्टोमेट्रिस्ट करतो आणि अहवाल हॉस्पिटलला पाठवतो. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्यात ऑपरेशननंतरचे ९० दिवस एकाच फीमध्ये धरलेले असतात. पुढची देखभाल पूर्ण ऑप्टोमेट्रिस्टने केली तर फीचा साधारण २० टक्के भाग त्याला मिळतो. तिथे वादही पैशावरूनच होतात. पेशंट पाठवल्याचा मोबदला म्हणून ही वाटणी होऊ नये आणि पेशंटची संमती हवी, असा सर्जनांच्या संघटनांचा आग्रह असतो. आपल्याकडचं जवळचं उदाहरण तमिळनाडूतलं. मदुराईला १९७६ मध्ये सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची छोटी केंद्रं गावोगाव आहेत. तिथले प्रशिक्षित कर्मचारी डोळा तपासतात आणि मुख्य रुग्णालयातला डॉक्टर व्हिडिओवरून पेशंटशी बोलतो.

आपल्या तालुक्यांत मात्र बराचसा भार एका कागदावर असतो, तो म्हणजे डिस्चार्ज कार्ड. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन, कोणतं भिंग बसवलं, त्याचा नंबर, थेंब कोणते, कधी किती कमी करायचे हे सगळं त्यावर असतं. कार्ड नायगावच्या कपाटात आणि माणूस गावाला, असं झालं की इथला तपासणारा अंधारात. मुंबई सोडतानाच कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये घ्यावा आणि अडचण आली तर फोन कुठे करायचा, तो नंबरही त्यावर लिहून मागावा.

सगळ्यात जास्त भीती पहिल्या आठवड्यात. दुखणं वाढलं, डोळा लालभडक झाला, आलेली नजर पुन्हा धूसर झाली, तर ते आतलं इन्फेक्शन असू शकतं. यात तास मोजायचे असतात. गोठ्यातला कचरा गेला असेल, उद्या बघू, असं म्हणून थांबू नये. ऑप्टोमेट्रिस्टनेही थेंब लिहून न देता त्याच वेळी सर्जनला फोन करून पेशंट पुढे पाठवायचा असतो. आतमध्ये अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो.

दुसरा धोका गुपचूप येतो. थेंब संपले की मेडिकलमधून तीच बाटली पुन्हा आणायची सवय पुष्कळांना असते. त्यात स्टिरॉइड असेल आणि ते ठरल्यापेक्षा जास्त दिवस चाललं, तर काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो. दुखत काहीच नाही, नस मात्र खराब होत जाते. दाब मोजल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून मधली तपासणी चुकवू नये. मधुमेह असलेल्यांना महिना-दीड महिन्याने पडद्यावर सूज येऊन नजर कमी होऊ शकते. नवा चष्मा घालूनही अक्षरं नीट दिसत नसतील, तर चष्म्याला दोष देण्याआधी पडदा तपासून घ्यावा.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुकं आलं की गावात म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. भिंगामागचा पडदा गढूळ होतो. त्याला पुन्हा ऑपरेशन लागत नाही, लेझरने काही मिनिटांत वाट मोकळी होते. नजर कमी झाल्याचं इथला ऑप्टोमेट्रिस्ट ओळखतो, लेझरसाठी मात्र नेत्रतज्ज्ञाकडेच जावं लागतं. त्या दिवशी नायगावला मुक्कामाची गरज बहुधा पडत नाही, काम उरकून संध्याकाळची गाडी पकडता येते.