नको असलेल्या नादाची गोष्ट

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. कविता करतो. विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. तरी आज तुम्हाला एका फार मोठ्या यंत्रातल्या लहानशा भागाचा इतिहास सांगणार आहे. त्याला कारण माझे वडील.

अब्बा कल्हईवाले होते. भाता, कोळसा, नवसागर आणि कथलाची कांडी घेऊन गावोगाव फिरायचे. भांडे हाती आले की आधी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहायचे. चीर असेल तर भांडे बद्द वाजे. “वहिनी, हे आधी सांधून आणा, मग कल्हई करू,” असे ते सांगत. भांडे वाजवून झाले की त्यावर सहज तळहात ठेवत आणि नाद थांबे. हा तळहात लक्षात ठेवा. आजची गोष्ट त्याचीच आहे.

कणत्वरक नावाच्या यंत्रात इलेक्ट्रॉनसारखे सूक्ष्म कण प्रचंड वेगाने पळवतात. त्यांना धक्का देण्यासाठी धातूच्या पोकळ भांड्यांची रांग लावलेली असते. या भांड्यांना कॅव्हिटी म्हणतात. रेडिओलहरी ज्या दारातून आत सोडतात, ते दार म्हणजे कपलर. लहरी आत शिरल्या की भांडे एका ठरावीक सुरात घुमू लागते आणि त्या घुमण्याच्या जोरावर कणांचे पुंजके पुढे जातात. पण जाताजाता पुंजकाही भांड्याला टिचकी मारून जातो. त्यातून वरचे आणखी सूर उठतात. ते कोणालाच नको असतात.

हे नीट कळले ते चटका बसल्यावर. 1966 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे तीन किलोमीटरहून लांब त्वरक सुरू झाला. कणांचा प्रवाह वाढवला की झोताचा मागचा भाग वाटेतच नाहीसा होऊ लागला. पुढच्या पुंजक्यांनी उठवलेला नाद मागून येणाऱ्यांना बाजूला ढकलून भिंतीवर आदळवत होता. मग झोत आवळून धरणारी चुंबके वाढवली. शिवाय काही तांब्याच्या कॅव्हिटींना बाहेरून दाबून पोचे पाडले, म्हणजे सगळ्यांचा नकोसा सूर एकच राहणार नाही. माझे अब्बा जन्मभर पोचे काढत आले. इथे शास्त्रज्ञ ते मुद्दाम पाडत होते!

त्याच स्टॅनफर्डमध्ये 1965 साली दुसरा एक प्रयोग झाला होता. तांब्याच्या कॅव्हिटीला आतून शिशाचा थर देऊन ती अतिशीत केली आणि तिच्यातून इलेक्ट्रॉनना गती दिली. अशा थंडीत शिसे अतिवाहक होते, म्हणजे त्याचा विजेला होणारा विरोध जवळजवळ नाहीसा होतो. पुढे निओबियम धातूच्या कॅव्हिटी आल्या. हा धातू उणे 264 अंशांच्या आसपास अतिवाहक होतो. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 2007 साली पूर्ण झालेल्या त्वरकातही शिशाचा थर दिलेल्या तांब्याच्या 28 कॅव्हिटी बसवल्या. भांडे तांब्याचे, काम आतल्या थराचे! हे वाचले तेव्हा मला अब्बांची कल्हई आठवली आणि मी या विषयाच्या नादी लागलो.

तांब्याचे भांडे लवकर गप्प होते. अतिवाहक भांडे त्याच्या लाख पटींनी, कधी त्याहूनही अधिक काळ घुमत राहते. हवा तो सूर टिकतो, तसा नको तोही टिकतो. म्हणून तळहात हवा. त्याला डँपर म्हणतात. पण हा तळहात ठेवायचा कसा? मुख्य सूर मरता कामा नये. आत संपूर्ण निर्वात, धुळीचा कणसुद्धा खपत नाही.

जपानमध्ये त्सुकुबा येथील केईकेबी या त्वरकात याचे सुंदर उत्तर सापडते. हा त्वरक 1998 ते 2010 या काळात चालला. तिथे कॅव्हिटीला जोडलेली नळी इतकी रुंद केली की वरचे सूर आपणहून बाहेर पडावेत आणि मुख्य सूर मात्र आतच कोंडून राहावा. बाहेर पडलेल्या लहरी गिळायला नळीच्या आत फेराइटचे अस्तर दिले. जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये तारेचे वेटोळे घातलेली काळी कांडी असे, ती फेराइटचीच. हे फेराइट टीडीकेचे होते. ज्यांच्या कॅसेटवर आपण गाणी भरून घेतली, ती ही कंपनी 1935 साली फेराइट बनवण्यासाठीच निघाली होती. फेराइटची भुकटी सगळ्या बाजूंनी वायूचा प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तांब्याच्या नळीला आतून घट्ट बसवली. एकेका कॅव्हिटीच्या डँपरांनी दहा किलोवॉटहून जास्त उष्णता गिळली. म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे पाच गिझर एकदम चालू! ती उष्णता पाण्याने वाहून नेली.

सगळीकडे असे जमले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात 2008 च्या सुमारास एका नव्या त्वरकात लहरी गिळणाऱ्या फरश्या अतिशीत जागी, झोताच्या समोर बसवल्या. नेहमीच्या तापमानाला त्यांची काही तक्रार नव्हती. थंडीत मात्र त्यांच्यातून वीज वाहीनाशी झाली, त्यांच्यावर विद्युतभार साचला आणि झोत वाकू लागला. शेवटी झोतासमोरच्या फरश्या काढाव्या लागल्या. पुढच्या डँपरसाठी कॉर्नेलने सिलिकॉन कार्बाइड निवडले.

अशी वस्तू बाजारात तयार मिळत नाही. आराखड्यात लांबी-रुंदी केसाच्या अंशापर्यंत लिहून देता येते. पण ती वस्तू लहर किती गिळेल हे भुकटी, भट्टी आणि आच यांवर ठरते. म्हणून माल घेणाऱ्याला कारखानदाराशी बोलत राहावे लागते, तुकडे मागवून थंडीत तपासावे लागतात, नापसंत झाले तर परत पाठवावे लागतात. अशी मागणी येते ती थोड्या नगांची आणि कित्येक वर्षांनी एकदा. मधल्या काळात भट्टीवरचा जाणता माणूस निवृत्त झाला, तर आराखडा उरतो आणि हात जातो.

हे मला घरीच पाहायला मिळाले. स्टीलची भांडी आली आणि अब्बांचा भाता माळ्यावर गेला. नवसागर केव्हा टाकायचा, कापसाच्या बोळ्याने कथील केव्हा फिरवायचे, हे त्यांना धुराच्या रंगावरून कळे. मी ते शिकलो नाही. कोणी लिहूनही घेतले नाही.

मोठ्या यंत्रांचा इतिहास सांगताना आपण शोध लावणाऱ्यांची नावे घेतो, आणि ती घ्यावीतच. पण नको असलेला नाद ज्यांनी गप्प केला, त्यांच्या हातांची नोंदही कुठेतरी असावी. माझ्या घरातली राहून गेली, म्हणून हे बोललो.