कृत्तिका, बटाटा आणि वर वर सरकणारी शेते

१/
जून महिन्याचा उत्तरार्ध. अँडीज पर्वतातील शेतकरी पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत उंचवट्यावर चढतात आणि ईशान्येला उगवणाऱ्या कृत्तिका न्याहाळतात. तारे ठळक दिसले तर बटाट्याची लागवड नेहमीच्या वेळी होते. अंधुक दिसले तर ती काही आठवडे पुढे ढकलली जाते.

२/
ही रीत जुनी आहे. १७ व्या शतकाच्या आरंभी केचुआ भाषेत लिहिल्या गेलेल्या हुआरोचिरी हस्तलिखितात कृत्तिकांवरून वर्षाचा अंदाज बांधण्याचा उल्लेख येतो. २००० साली 'नेचर' नियतकालिकाने तिचे शास्त्रीय स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. एल निनोच्या वर्षी आकाशात अतिउंचावर विरळ ढगांचा पडदा असतो. त्यामुळे तारे मंद दिसतात. त्याच वर्षी या पठारावर पाऊस कमी पडतो.

३/
बटाटा प्रथम माणसाळला तो याच दक्षिण पेरूच्या परिसरात, हजारो वर्षांपूर्वी. येथे एका दिवसाच्या चढणीत हवामान पालटते. म्हणून एकाच कुटुंबाची शेते निरनिराळ्या उंचीवर विखुरलेली असत: खाली मका, वर बटाटा, त्याहून वर लामा-अल्पाकांची कुरणे. एका थरात पीक बुडाले तरी दुसरा थर घर जगवी. मानवशास्त्रज्ञ जॉन मुर्रा यांनी या व्यवस्थेला 'उभा द्वीपसमूह' म्हटले.

४/
दुसरा आधार वाणांचा. एकाच शेतात अनेक वाण मिसळून लावतात. कोणी दव सोसतो, कोणी अवर्षण, कोणी रोग. एका गाठाळ वाणाचे केचुआ नाव 'सुनेला रडवणारा' अशा अर्थाचे आहे, कारण तो सोलणे महाकठीण! कडू वाण सर्वांत उंचावर. ते रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवून त्यांचा 'चुन्यो' करतात. तो वर्षानुवर्षे टिकतो.

५/
हे वैविध्य नसले तर काय घडते? आयर्लंडमधील गरिबांचे पोट प्रामुख्याने 'लम्पर' या एकाच वाणावर अवलंबून होते. १८४५ मध्ये करपा आला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली. या संहारामागे राज्यकर्त्यांची धोरणेही होती. परंतु शेतात करपा अडवील असा दुसरा वाणच नव्हता.

६/
अँडीजने हवामानबदल पूर्वीही पाहिला आहे. कुस्कोजवळील मार्काकोचा येथील प्राचीन तळ्याच्या गाळाचा अभ्यास सांगतो की इ.स. ११०० च्या सुमारास हवा उबदार झाली आणि अधिक उंचावर शेती शक्य झाली. त्याच काळात पायऱ्यांची शेती विस्तारली. इंका सत्तेच्या उदयाला या उबेचा हातभार लागला, असे या अभ्यासकांचे मत आहे.

७/
आजची ऊब मात्र वेगळी आहे. करपा आणि सोंडकिडा उंचावर पोहोचले. खालच्या उतारांवर बटाटा धड येईना, म्हणून शेते वर सरकली. पण वर माती पातळ, जमीन थोडी, आणि डोंगराला शेवटी माथा असतो. हिमाच्या रात्री घटल्या तर चुन्योही अडचणीत येतो.

८/
कुस्कोजवळच्या पिसाक परिसरातील केचुआ गावांनी यावर एकत्र येऊन उत्तर शोधले. त्यांनी 'पार्के दे ला पापा', म्हणजे बटाट्याचे उद्यान, उभारले. ९,००० हून अधिक हेक्टर सामायिक भूमीवर हजाराहून अधिक वाण जपले जातात.

९/
२००४ मध्ये या गावांनी लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार केला. पूर्वी संशोधकांनी नेलेले आणि गावांतून नाहीसे झालेले वाण, विषाणूमुक्त होऊन परत आले. ४०० हून अधिक! बियाणे पेढीत जाते, हे नेहमीचे. पेढीतून शेतात परतले, हे विरळा.

१०/
२०१५ मध्ये उद्यानातील बटाट्याचे बी नॉर्वेतील स्वालबार्डच्या हिमकोठारात ठेवले गेले. ती अखेरची ठेव. परंतु कोठारातले बी बदलत्या हवेशी ओळख करून घेत नाही. ते काम शेतातच होते.

११/
म्हणून उद्यानातील शेतकरी तेच वाण वेगवेगळ्या उंचीवर लावून पाहतात: कोणता खाली तग धरतो, कोणता वर. पूर्वजांची विखुरलेली शेते जे करीत होती, तेच हे काम आहे. फरक इतकाच की आता माथा जवळ आला आहे.