दान आणि उंबरठा

भैंसा गाव १९५६ साली नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेले. आज ते निर्मल जिल्ह्यात आहे. सीमा बदलली, तरी एक जुना प्रश्न आम्हां सर्वांपुढे उभाच आहे. दलित घरातील मुलास विद्येसाठी परदेशी पाठविले, म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले काय?

इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते सर्वांच्या बरोबरीने शिकले. करारानुसार १९१७ साली ते बडोद्यास चाकरीस रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून टाकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांस बाहेर पडावे लागले. महाराजांचे दान समुद्रापार पोहोचले; गावचा उंबरठा मात्र बंदच राहिला.

पुढे १९५४-५५ पासून भारत सरकारने अशा विद्यार्थ्यांस परदेशी शिष्यवृत्त्या देण्यास आरंभ केला. परंतु आता जातही आमच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली आहे. अमेरिकेतील सिॲटल नगरास २०२३ साली जातिभेदावर कायद्याने बंदी घालावी लागली, ही आम्हांस लाज वाटावी अशी गोष्ट होय.

पंढरीचे द्वार सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले. ते द्वार उघडले. आमच्या देवस्थानांनी विद्यावेतन अवश्य द्यावे. पण शिकून परतलेल्या त्या मुलास सभामंडपात आपल्या पंक्तीस बसविणे, हा त्या दानाचाच उरलेला भाग आहे.