खोलीनं खाल्लेली लेकरं

आपल्या वस्तीत लेकरू गेलं की बोट कुणाकडं जातं? आईकडं. हिचा पायगुण वाईट, हिनं नजर लागू दिली. शिकलेला माणूस आला तर तोही तेच म्हणतो, फक्त भाषा बदलते : तुम्ही लोक स्वच्छ राहत नाही. भिंतीकडं कुणी बोट दाखवत नाही. म्हणून मित्रांनो, या वेळी भिंतीचा इतिहास.

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा आला आणि सरकारी माणसं घरात घुसली. आजाऱ्यांना उचलून इस्पितळात नेलं, कौलं काढून ऊन आत सोडलं, भिंतींना चुना फासला, झोपड्या जाळल्या. जे घर राहायला लायक नाही त्यावर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवली. आत माणूस मेला की भिंतीवर एक गोल. प्लेग उंदराच्या पिसवांनी पसरतो हे नीट कळलं पुढं. पण कोंदट घर माणूस मारतं, हे सरकारनं तेव्हाच स्वतःच्या हातानं भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

मग केलं काय? १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते करायचे, गरिबाला चाळी बांधायच्या. पाडणं झालं झपाट्यानं, बांधणं झालं सावकाश. प्रिन्सेस स्ट्रीट झाला, सँडहर्स्ट रोड झाला. उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत शिरली. तिथं दाटी वाढली, भाडं वाढलं. हवा रस्त्याला मिळाली, माणसाला नाही.

आणि आपला माणूस? तो या उतरंडीच्या तळाशी. गिरणीत विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धागा बाकीच्यांना चालेना. म्हणून आपल्याला ते खातं बंद. पगार कमी म्हणून खोली कसली? झावळ्यांची, नाहीतर रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून केलेली. जात अशी पगारातून फिरून भिंतीत येते. ती नुसती पाणवठ्यावर नसते.

आता १९२१ सालचे मुंबईचे आकडे बघा. वर्षाच्या आतली लेकरं, हजारात किती दगावली? एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांची ८२८. दोन खोल्यांत ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा जास्त खोल्यांत १३३.

कुणी हुशार म्हणेल, ८२८ हा आकडा फुगलेला आहे. खरं आहे. आपल्या बाया बाळंतपणाला कोकणात, देशावर जायच्या. जन्म गावाकडं, मरण मुंबईच्या दप्तरात. पण म्हणून अर्धा करा तो आकडा. तरी चार खोल्यांच्या तिप्पट उरतो. जिना तोच राहतो : खोली वाढली की मरण कमी.

१९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायांची पाहणी केली. एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना साधारण १५ फूट बाय १२ फुटांची एक खोली दिसली. आत सहा चुली, सहा संसार, लहानथोर मिळून तीस माणसं. सहापैकी तीन बाया दिवस भरत आलेल्या. रात्री सहा चुलींचा धूर त्या खोलीत कोंडायचा. नुकतं जन्मलेलं लेकरू हा धूर ओढणार, त्याची छाती भरणार. यात पायगुण कुठला?

बाबासाहेब याच मुंबईत राहिले. परळला ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत कैक वर्षं काढली. पाच लेकरांतला एकटा यशवंत जगला. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. ती लेकरं खोलीनंच नेली असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण १९२८ साली कायदे कौन्सिलात गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा म्हणून उभा राहिलेला माणूस हे मरण पुस्तकात वाचून बोलत नव्हता. १९२९ साली तो कायदा झाला.

सरकारनंही चाळी बांधल्या. १९२० साली बी.डी.डी. खातं निघालं. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. १६० चौरस फुटांची खोली, मधून अंधारी गल्ली, खिडकीला काँक्रीटच्या पट्ट्या. पाऊस आत, ऊन बाहेर. याच चाळींतून पुढं आपली चळवळ उभी राहिली, १९७४ साली वरळीची दंगल आपण इथंच सोसली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनी. चांगलंच झालं.

पण गोवंडीला जाऊन या. नटवर पारेख कंपाउंडात झोपडीतून उठवलेल्यांना पक्क्या इमारती दिल्या. दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’नं तिथला अभ्यास मांडला : खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि टीबी तिथंच जास्त. खोकल्यातून उडालेला जंतू बंद खोलीत तासन्‌तास तरंगतो. वाऱ्यानं तो पातळ होतो, उन्हानं मरतो. हे डॉक्टरला ठाऊक, इंजिनेरला ठाऊक. तरी नकाशा पास होतो. झोपडीचा पत्रा गेला, सिमेंट आलं. कोंदटपणा तोच.

तेव्हा घर मिळालं एवढ्यावर हार घालू नका. आपल्या पोरांनी टेप घेऊन वस्तीत फिरावं. खोली केवढी, माणसं किती, खिडकी कुठं उघडते, समोरची भिंत किती फुटांवर, दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागतो का, गेल्या पाच वर्षांत कोण खोकत होतं, कोण गेलं. वहीत लिहा. मजल्यावार लिहा. १९२१ साली ही मोजणी त्यांनी केली आणि दप्तरात बांधून ठेवली. आता आपण करू आणि वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवू.

आणि ज्या आईचं लेकरू गेलंय तिला आधी जाऊन सांगा, बाई, तुझा पायगुण नव्हता.

जयभीम.