पुसलेल्या नावांची हकीकत

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या घरी बसून ज्यांनी आपल्या घराण्याची नामावळी पाहिली असेल, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असेल. त्या वहीत नाव चढते, ते पुसले कधी जात नाही. माणूस गेला तरी नाव राहावे, याचसाठी तर ती वही. कचेरीतल्या हजेरीपटाचे मात्र तसे नाही. तेथे गेलेल्याचे नाव कमी करावे लागते, नाहीतर त्याचा पगार निघत राहायचा!

संगणकांच्या जाळ्याला जी नावांची वही लागते, ती या दुसऱ्या जातीची. कोणत्या यंत्राचा पत्ता काय, कोणत्या माणसाला कोणते दार उघडे, हे तीत लिहिलेले असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. तीत नाव लिहिणे सोपे होते. ते पुसावे कसे, हे कळायला मात्र शहाण्यासुरत्या माणसांना तीस वर्षे लागली.

१९६९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने आर्पानेट नावाचे जाळे सुरू झाले, तेव्हा त्यात अवघी चार ठिकाणे होती. पुढे यंत्रे वाढली, तशी त्यांच्या नावांची एक यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाऊ लागली. त्या कार्यालयाच्या प्रमुख एलिझाबेथ फाइनलर या बाई मूळच्या जीवरसायनशास्त्राच्या, १९७२ साली या संस्थेतल्या संगणकांच्या प्रयोगशाळेत आल्या. सारे त्यांना 'जेक' म्हणत. कोणाला नवे यंत्र जोडायचे असले, की त्याने यांना कळवायचे. त्यांच्या कचेरीने यादी दुरुस्त करायची आणि आठवड्यातून एकदोनदा निघणारी नवी प्रत प्रत्येकाने उतरवून घ्यायची. गावच्या कुलकर्ण्याचे दप्तरच म्हणा ना!

पण नवी प्रत उतरवून घेण्याचा आळस केला तर? यंत्र बंद होऊन महिने लोटले तरी दूरच्या एखाद्या विद्यापीठात त्याचे नाव सुखाने नांदत असे. भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर लटकत राहिले, तर तेही एकादशी दाखवतेच.

ही वहिवाट मोडली ती १९८३ साली. जॉन पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्यापुढे पाच सूचना टाकल्या आणि त्यांतून मधला मार्ग काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी पाचही बाजूला ठेवून सहावाच मार्ग काढला. एकच मोठी यादी नको. ज्याचे घर त्याने आपल्या घरची नावे सांभाळावी आणि विचारणाराला उत्तर द्यावे. उत्तराबरोबर एक मुदतही सांगावी: एवढे सेकंद हे ध्यानात ठेव, मग विसर. डीएनएस ती हीच व्यवस्था. मला तिच्यातला खरा चतुरपणा वाटतो तो या विसरण्याच्या मुदतीत.

यंत्रांचे झाले. माणसांचे काय? १९८०-९० च्या सुमारास कचेऱ्यांतून नोव्हेल कंपनीचे नेटवेअर फार चाले. त्यात प्रत्येक सर्व्हरची वही निराळी. कारकून नोकरी सोडून गेला, की दहा सर्व्हरांवरून दहादा त्याचे नाव खोडा. एक विसरलात, की एक दार उघडेच. १९९३ साली नोव्हेलने साऱ्या सर्व्हरांची मिळून एकच वही केली. तिच्या नकला अनेक ठिकाणी, आणि त्यांतल्या बहुतेकांवर लिहिण्याची मुभा. खरी पंचाईत झाली ती इथे. एका नकलेत नाव खोडले. दुसरीत ते अजून आहेच. दोघी भेटल्या, की पहिलीला वाटायचे, हे कोणी नवीनच आलेले दिसते! आणि खोडलेले नाव परत चढायचे.

म्हणून खोडले ही गोष्टसुद्धा लिहून ठेवावी लागली. त्या नोंदीला नोव्हेलने नाव दिले 'ऑबिच्युअरी', म्हणजे मृत्युलेख. प्रत्येक नकलेने 'कळले' असे सांगितल्यावरच तो लेख मिटायचा. पण एखादा सर्व्हर रीतसर न काढता कोणी भंगारात देऊन टाकला, तर त्याचे 'कळले' येणार कोठून? भाऊबंदांपैकी एकाला सांगावा पोचला नाही, म्हणून साऱ्या घराचे सुतक लांबावे, तसला प्रकार. मग व्यवस्थापकाने डीएसरिपेअर हे हत्यार उचलून आधी त्या गेलेल्या सर्व्हरचेच नाव वगळायचे.

मायक्रोसॉफ्टने १७ फेब्रुवारी २००० रोजी विंडोज २००० बाजारात आणले आणि त्याबरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी. यांनी पोच मागण्याची भानगडच ठेवली नाही. खोडलेल्या नावाचे थडगे बांधायचे (त्यांचा शब्द 'टूम्बस्टोन' असाच आहे) आणि ते साठ दिवस ठेवायचे. तेवढ्यात सर्वांना कळलेच असेल, हा हिशेब. पुढे ही मुदत एकशेऐंशी दिवसांची झाली. का झाली, ते मी पाहिले आहे.

२००२ साली मी पुण्यातल्या एका कचेरीत हेच काम पाहत असे. आमची एक शाखा आषाढात जागा बदलू लागली, म्हणून तिथला सर्व्हर खोक्यात बांधून ठेवला. श्रावणात आमच्या भांडारातले वृद्ध कारकून वारले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचे नाव मीच खोडले. नव्या जागेचे काम रेंगाळले, आणि तो सर्व्हर पुन्हा जोडला गेला तो मार्गशीर्षात. तोवर इकडचे थडगे मुदत संपून साफ झाले होते. त्याच्या वहीत अण्णा जसेच्या तसे. त्यातच तिथल्या कोणीतरी भांडाराचा दूरध्वनी क्रमांक सर्वांच्या नावापुढे बदलला. तो बदल आमच्या सर्व्हरकडे आला. ज्याचा क्रमांक बदलला तो माणूसच आपल्याकडे नाही असे पाहून आमच्या सर्व्हरने तो अख्खा मागवून घेतला.

दुसऱ्या दिवशी हिशेब खात्यातल्या बाईंचा फोन आला. "अहो, यादी बघितलीत का? अण्णा परत आलेत." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "त्यांना काही लिहिलं तर जाईल का हो?"

मला उत्तर सुचले नाही. तो सर्व्हर मी आधी जाळ्यातून सोडवला. त्याची वही कोरी करून नवी नक्कल उतरवून घेतली. मग अण्णांचे नाव दुसऱ्यांदा खोडले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठावा दिवस मोजून खूण केली.