वसतिगृहातील पंगत

पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेने १९७० साली स्थापन केले. या संस्थेच्या परंपरेचा उगम शोधू जाता तो वसतिगृहाच्या पंगतीत सापडतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांची निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली. सहभोजन रूढीस मान्य नसताना खेड्यातील मुलास शहरात राहून शिकण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता. भाऊराव पाटील स्वतः तेथील जैन वसतिगृहात राहून शिकले. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी काढलेल्या वसतिगृहात मात्र सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. नव्या विद्यार्थ्याची पहिली कसोटी पुस्तकाआधी ताटावरच लागे. स्वयंपाकास हातभार लावावयाचा आणि एकाच पंक्तीत जेवावयाचे, हा तेथील नित्यक्रम होता. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने दिले.

१९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. ज्यांच्या काळी चुली वेगळ्या होत्या, त्यांचेच नाव एका चुलीस लाभले. यात विसंगती नाही. वेगळ्या चुलींनी ज्यास शिकू दिले, त्यानेच पुढे पंक्तिभेद मोडला.