ब्रिटनमधील जोडीदार-व्हिसाची आर्थिक अट : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६२ ते २०२५)

प्रस्तावना

विवाह ही दोन व्यक्तींची व दोन कुटुंबांची खाजगी बाब मानली जाते. तथापि पती-पत्नींचे नागरिकत्व भिन्न असेल, तर त्यांनी कोणत्या देशात एकत्र राहावे हा प्रश्न राज्यसंस्थेच्या अखत्यारीत जातो. परदेशी जोडीदाराला आणू इच्छिणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न अमुक इतके असावे, अशी अट अनेक देशांच्या कायद्यांत आढळते. त्यांपैकी ब्रिटनचे उदाहरण दोन कारणांनी विशेष अभ्यसनीय आहे. एक, तेथील कुटुंब-स्थलांतराच्या नियमांचा परिणाम भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांवर प्रारंभापासून मोठ्या प्रमाणावर झाला. दोन, ‘पुरेसे’ या मोघम शब्दापासून नेमक्या आकड्यापर्यंत झालेला या अटीचा प्रवास तेथील नियमांत व न्यायनिर्णयांत टप्प्याटप्प्याने पाहता येतो.

सार्वजनिक तिजोरीवर भार पडू नये, हे या अटीचे नेहमी सांगितले जाणारे कारण होय. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, लिंग आणि हेतू या आधीच्या दोन चाळण्या निरुपयोगी ठरल्यानंतर पैशाच्या चाळणीला मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले. आणि आकडा निश्चित झाल्यावरही त्यामागील कारण स्थिर राहिले नाही.

लिंगाची चाळणी

१९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतरित कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या मुक्त प्रवेशावर प्रथमच नियंत्रण आणले. मात्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पुरुषाची पत्नी व त्याची १६ वर्षांखालील मुले यांचा प्रवेश अबाधित ठेवला. पुरुष कमावता आणि स्त्री त्याच्यावर अवलंबून, हे गृहीतक त्यामागे होते. याच गृहीतकाचा दुसरा भाग असा की, स्त्रीने बोलाविलेला पती हा घराचा सदस्य नसून नोकरीचा उमेदवार समजला गेला. १९६९ मध्ये राष्ट्रकुल देशांतील पतींच्या प्रवेशावर कठोर निर्बंध आले. १९७४ मध्ये ते उठविण्यात आले, परंतु १९८० च्या नियमांनी पतींना पुन्हा अटकाव केला. ज्या स्त्रीचा किंवा तिच्या आई-वडिलांपैकी एकाचा जन्म ब्रिटनमध्ये झाला असेल, अशा नागरिक स्त्रीलाच पती आणता येईल, असे त्यांत नमूद होते. आशियाई वंशाच्या अनेक स्थायिक स्त्रिया त्यामुळे वगळल्या गेल्या.

पत्नींचा व वाग्दत्त वधूंचा मार्गही निर्वेध नव्हता. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य-चाचणी करण्यात आली. ही बातमी वृत्तपत्रांत आल्यावर भारतात तीव्र पडसाद उमटले आणि अशा चाचण्या थांबविण्यात आल्या. नात्याचा खरेपणा तपासण्याचा अधिकार एकदा मान्य झाला की तपासणी कोणत्या थरापर्यंत जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

समानतेचा उलटा अर्थ

पतींवरील बंदीविरुद्ध ब्रिटनमध्ये कायदेशीररीत्या स्थायिक असलेल्या तीन स्त्रियांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. ‘अब्दुलअझीझ, काबालेस आणि बलकंडाली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल २८ मे १९८५ रोजी लागला. वाढत्या बेरोजगारीच्या काळात देशांतर्गत श्रमबाजाराचे रक्षण करण्यासाठी पतींना रोखणे आवश्यक आहे, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो स्त्री-पुरुष भेदाचे समर्थन करण्यास अपुरा ठरविला.

या निकालाची अंमलबजावणी ज्या रीतीने झाली, ती इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. पत्नींना जी मुभा होती ती पतींना देऊन समानता साधता आली असती. शासनाने त्याऐवजी पतींवरील अटी पत्नींनाही लागू केल्या. सार्वजनिक निधीचा आधार न घेता उदरनिर्वाह व निवास यांची सोय हवी, तसेच ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा विवाहाचा प्रमुख हेतू नाही हे अर्जदाराने सिद्ध करावे, या दोन्ही अटी आता स्त्री-पुरुष दोघांना बांधील झाल्या. १९७३ च्या प्रारंभी ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या राष्ट्रकुल नागरिकांच्या पत्नी-मुलांना १९७१ च्या कायद्याने दिलेले संरक्षण तेवढे शिल्लक होते. १९८८ च्या कायद्याने तेही काढून घेतले.

‘प्रमुख हेतू’ची अट भारतीय उपखंडातील अर्जदारांना फार जाचक ठरली. ठरवून केलेल्या विवाहात प्रेमाचा लेखी पुरावा कोठून द्यायचा, हा प्रश्नच होता. मुलीने सासरी जाण्याची रूढी असताना वर मुलीच्या देशी का येतो, असाही संशय घेतला जाई. जून १९९७ मध्ये नव्या मजूर पक्षाच्या सरकारने ही अट रद्द केली. लिंगाची चाळणी न्यायालयाने मोडली, हेतूची चाळणी राजकीय निर्णयाने गेली. पैशाची चाळणी मात्र कायम राहिली.

‘पुरेसे’ म्हणजे किती?

२०१२ पर्यंत नियमांत कोणताही आकडा नव्हता. कुटुंबाचा निर्वाह ‘पुरेशा’ प्रमाणात होईल की नाही, हे अधिकाऱ्याने व अपील झाल्यास न्यायाधिकरणाने ठरवावयाचे असे. २००६ मधील एका निर्णयात न्यायाधिकरणाने त्यासाठी व्यवहार्य माप दिले : तेवढ्याच सदस्यसंख्येच्या ब्रिटिश कुटुंबाला शासन उत्पन्न-साहाय्य म्हणून जी रक्कम देते, तीपेक्षा कमी रकमेत नव्या कुटुंबाने राहावे लागू नये. घरखर्च वगळता ही रक्कम जोडप्यासाठी वर्षाला सुमारे ५,५०० पौंड होती.

डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘महाद’ खटल्यात आणखी एक महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट केला. नातेवाइकांकडून नियमितपणे मिळणारी मदतही निर्वाहाच्या साधनांत धरता येईल, असा तो निर्णय होता. एकत्र कुटुंबात भावाचा पगार, सासऱ्याचे घर आणि सुनेची मिळकत यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला जात नाही. अशा कुटुंबव्यवस्थेला या निर्णयाने प्रथमच ठोस मान्यता मिळाली होती. ती अडीच वर्षांपेक्षा काहीच अधिक काळ टिकली.

आकड्याचे आगमन

२०१० मध्ये सत्तेवर आलेल्या डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने निव्वळ स्थलांतर काही लाखांवरून काही दहा हजारांपर्यंत खाली आणण्याचे ध्येय जाहीर केले होते. याच पार्श्वभूमीवर स्थलांतर सल्लागार समितीला किमान उत्पन्नाची पातळी सुचविण्यास सांगण्यात आले. नोव्हेंबर २०११ च्या अहवालात समितीने १८,६०० ते २५,७०० पौंड हा पल्ला सुचविला. उत्पन्नाशी निगडित शासकीय लाभ ज्या पातळीला जोडप्यास मिळेनासे होतात ती पातळी म्हणजे १८,६०० पौंड. हा विचार निव्वळ आर्थिक असून कायदेशीर, सामाजिक वा नैतिक बाजू त्यात विचारात घेतलेल्या नाहीत, असे समितीने स्वतःच स्पष्ट केले होते. अहवाल नियमात उतरताना हा खुलासा मागे राहिला व आकडा तेवढा पुढे गेला.

गृहमंत्री थेरेसा मे यांच्या कार्यकाळात ९ जुलै २०१२ पासून नवे नियम लागू झाले. वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड. ज्याला व्हिसा लागतो अशा पहिल्या अपत्यासाठी आणखी ३,८०० आणि पुढील प्रत्येकासाठी २,४०० पौंड. उत्पन्न नसल्यास ६२,५०० पौंडांची बचत सहा महिने हाताशी असणे आवश्यक ठरले. वेतनपत्रके व त्यांच्याशी जुळणारी बँकेची विवरणपत्रे ठरलेल्या नमुन्यातच द्यावी लागत. नातेवाइकांची नियमित मदत हिशेबातून बाद झाली. परदेशातून येणाऱ्या जोडीदाराला तेथे जी नोकरी मिळू शकेल, तिचे वेतनही धरले जाईना. अपंगत्वविषयक व शुश्रूषेचे काही भत्ते घेणाऱ्यांसाठी मात्र जुनी ‘पुरेशा’ निर्वाहाची कसोटी राखून ठेवण्यात आली.

या आकड्याचा अर्थ वेतनाच्या तुलनेत पाहिला पाहिजे. त्या वेळचे किमान वेतन ताशी ६.०८ पौंड होते. आठवड्याला ४० तास, वर्षभर काम करणाऱ्यास सुमारे १२,६५० पौंड मिळत. म्हणजे कायद्याने योग्य ठरविलेल्या वेतनावर पूर्णवेळ राबणारा नागरिकही जोडीदार आणण्यास अपात्र होता. ऑक्सफर्ड विद्यापीठातील मायग्रेशन ऑब्झर्व्हेटरीच्या २०१२ च्या विश्लेषणानुसार नोकरी करणाऱ्या ब्रिटिश नागरिकांपैकी ४७ टक्के या पातळीखाली होते. पुरुषांत हे प्रमाण ३२ टक्के, तर स्त्रियांत ६१ टक्के होते. १९८५ मध्ये न्यायालयाने जो भेद नियमाच्या शब्दांतून काढावयास लावला, तो वेतनाच्या विषमतेतून परिणामाच्या रूपाने परत आला. नियमात स्त्री वा पुरुष असा शब्द नव्हता, एवढाच काय तो फरक.

न्यायालय आणि मुले

या अटीला आव्हान देणाऱ्या ‘एम. एम.’ खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये काही घटकांचा एकत्रित परिणाम अवाजवी ठरविला. जुलै २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. दरम्यान इंग्लंडच्या बालहक्क आयुक्तांच्या कार्यालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, या नियमांमुळे सुमारे १५ हजार मुले बाधित झाल्याचा अंदाज मांडला. आई किंवा वडील संगणकाच्या पडद्यावरच भेटणाऱ्या या घरांना ‘स्काइप कुटुंबे’ असे म्हटले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अंतिम निकाल दिला. किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध आहे. मात्र मुलांच्या हिताकडे लक्ष देण्याचे २००९ च्या कायद्याने घातलेले बंधन नियमांत नीट उतरलेले नाही आणि उत्पन्नाच्या अन्य खात्रीशीर मार्गांना सरसकट नकार देणेही समर्थनीय नाही, असा त्याचा आशय होता. त्यानुसार ऑगस्ट २०१७ मध्ये अपवादात्मक परिस्थितीपुरती सूट देण्यात आली. पूर्वी जो नियम होता, तो आता अपवाद झाला.

पारपत्र आणि कुटुंब

याच काळात ब्रिटनमध्ये दुसरी कायदेव्यवस्थाही नांदत होती. युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या हक्कानुसार तेथे नोकरी करणाऱ्या अन्य सदस्यदेशाच्या नागरिकाला जोडीदार आणण्यासाठी किमान उत्पन्नाची अट नव्हती. येथे गोव्याचा थेट संबंध येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. या आधारे अनेक गोमंतकीय स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले. एकाच कारखान्यात सारख्याच वेतनावर काम करणाऱ्या दोघांपैकी पोर्तुगीज पारपत्रधारक गोमंतकीयाला पत्नी आणता येई आणि ब्रिटिश पारपत्रधारकाला येत नसे, असा विरोधाभास त्यातून निर्माण झाला.

काही ब्रिटिश नागरिकांनीही हा मार्ग धरला. १९८२ मध्ये ब्रॅडफर्ड येथे विवाह करून पत्नीसह जर्मनीत नोकरी केलेल्या सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्यात, ७ जुलै १९९२ रोजी युरोपीय न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, दुसऱ्या सदस्यदेशात काम करून मायदेशी परतणाऱ्याला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळेल. २०१२ नंतर काही जोडपी स्वतःच्याच देशात एकत्र राहता यावे म्हणून काही महिने आयर्लंडसारख्या देशांत जाऊन राहिली. ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचार संपुष्टात आला आणि ही वाटही बंद झाली.

बदलते कारण

४ डिसेंबर २०२३ रोजी गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी ही मर्यादा ३८,७०० पौंडांवर नेण्याची घोषणा केली. हा आकडा कुशल कामगार व्हिसाच्या नव्या वेतनमर्यादेवरून घेतला होता. टीकेनंतर वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले व ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंडांची अट लागू झाली. अपत्यांसाठीची जादा रक्कम रद्द झाली, तर केवळ बचतीवर अर्ज करणाऱ्यांसाठी ८८,५०० पौंड आवश्यक ठरले. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने पुढील वाढ थांबवून प्रश्न पुन्हा सल्लागार समितीकडे सोपविला. जून २०२५ च्या अहवालात समितीने ३८,७०० च्या आकड्याला पाठिंबा दिला नाही. कुशल कामगार व्हिसा आणि कुटुंब-व्हिसा यांची उद्दिष्टे भिन्न असल्याचे सांगून, कुटुंबाला स्वतःचा निर्वाह करता यावा एवढाच हेतू असेल तर २३,००० ते २५,००० पौंड पुरेसे ठरतील, असे तिने नोंदविले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, २००६ मध्ये गरिबी-निवारणाची पातळी, २०१२ मध्ये शासकीय लाभांपासून मुक्ततेची पातळी आणि २०२३ मध्ये कुशल कामगाराचे वेतन अशी तीन भिन्न मापे एकाच अटीसाठी वापरली गेली. माप बदलते तेव्हा मोजली जाणारी गोष्टही बदलते. अखेरच्या टप्प्यावर तर जोडीदाराला पुन्हा १९६९ प्रमाणेच श्रमबाजाराच्या तागडीत तोलले गेले. दुसरा, निश्चित आकड्याने अधिकाऱ्याची लहर व संशय यांना आळा बसला, हे मान्य करावे लागते. परंतु प्रत्येक घराची खरी परिस्थिती पाहण्याची सोयही त्याच वेळी बऱ्याच अंशी गेली. तिसरा, वरकरणी तटस्थ भासणारा नियम समाजातील वेतन-विषमता जशीच्या तशी घरात आणतो. अल्पवेतनी, विशेषतः स्त्रिया, यांचा कौटुंबिक जीवनाचा हक्क त्यामुळे आकुंचित होतो.

राज्याने आपली तिजोरी सांभाळावी, याविषयी दुमत नाही. परंतु किमान वेतनावर प्रामाणिकपणे पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसाला संसार थाटण्यास अपात्र ठरविणारी अट तिजोरीचे रक्षण करते की कुटुंबाची प्रतवारी लावते, हा प्रश्न १९८५ च्या निकालाइतकाच आजही महत्त्वाचा आहे.